अंतर आणि अवधी : मुंबई–न्यूयॉर्क हवाई मार्गाचा विचार



ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर भूगोल हा एकच विषय शिकवला, आणि शाळाशाळांतून तो विषय गणित-इंग्रजीच्या मानाने दुय्यम लेखला जात असतानाही त्यावरची आपली निष्ठा यत्किंचितही ढळू दिली नाही. त्यांच्या नावे बोलायचे तर भूगोलातलाच, आणि तोही अगदी पहिल्या इयत्तेचा वाटावा असा, प्रश्न घ्यावा असे मी ठरवले. दोन दूरस्थ विमानतळांमधले अंतर किती, आणि ते तोडण्यास वेळ किती लागतो, एवढाच तो प्रश्न. दाखल्यासाठी मी मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन शहरे घेतो. न्यूयॉर्क आणि त्याच्या शेजारचे न्यूजर्सी राज्य येथे मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, आणि मुलानातवंडांच्या भेटीसाठी हा प्रवास केलेले किंवा करू इच्छिणारे कितीतरी आईवडील या सभागृहातही बसलेले असतील.

या प्रश्नाचे उत्तर कोष्टकात छापलेले सापडते : अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, अवधी सुमारे पंधरासोळा तास. ते वाचून आपले समाधान होते, आणि अंतर ही पृथ्वीने एकदाच ठरवून दिलेली, कोणाच्याही इच्छेने कमीजास्त न होणारी वस्तू आहे अशी आपली समजूत दृढ होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. पृथ्वी आपल्या परीने एक अंतर ठरवते. त्यात वारा फेरफार करतो. आणि त्यानंतर पृथ्वीवरची राज्ये आपापल्या हद्दी आभाळापर्यंत उभारून त्याची जी मोडतोड करतात ती वाऱ्याने केलेल्या फेरफारापेक्षाही अधिक लहरी असते. प्रवाशाला प्रत्यक्षात जे अंतर तोडावे लागते ते हे तिसरे, आणि आज माझा मुख्य रोख त्याच्यावर आहे. पण तेथे पोहोचण्यापूर्वी पृथ्वीचे म्हणणे नीट ऐकून घेणे आवश्यक आहे.

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीने काढलेला असतो. त्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, मिसर, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असा मुलूख ओलांडून अटलांटिक महासागरात उतरते आणि पश्चिमेकडे जात न्यूयॉर्कला मिळते. दिशा कायम ठेवून शिडाची जहाजे हाकणाऱ्या नाविकांना अशी रेघ उपयोगाची होती, आणि त्यांच्याचसाठी तो नकाशा निर्माण झाला. परंतु ती सर्वांत जवळची वाट नव्हे. त्या वाटेने हिशेब केला तर अंतर १४,२०० किलोमीटरांच्या आसपास भरते. आता नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल हाती घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक दाबावे, दुसरे न्यूयॉर्कवर धरावे आणि दोरा ताणावा. तो ताणला जाताच आफ्रिकेवरून निसटून झपाट्याने उत्तरेकडे सरकतो आणि ज्या प्रदेशांचा आपल्या प्रवासाशी काही संबंध असेल असे स्वप्नातही येऊ नये अशा प्रदेशांवर जाऊन स्थिरावतो. गोलाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या प्रतलाने गोलाच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याला महावृत्त म्हणतात, आणि गोलावरील कोणत्याही दोन बिंदूंमधली सर्वांत आखूड वाट त्या महावृत्ताच्या लहान कमानीवरूनच जाते.

मुंबईहून निघालेली ही कमान पश्चिमेस न जाता उत्तर-वायव्येस निघते. सौराष्ट्र आणि कच्छचे रण मागे टाकून ती सिंधमध्ये शिरते, क्वेट्ट्याच्या पश्चिमेकडून अफगाणिस्तानात जाते, तुर्कमेनिस्तानचे वाळवंट आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडते, आणि मग थेट मॉस्को शहराच्या माथ्यावर येते. तेथून ती सेंट पीटर्सबर्गला अगदी लगटून फिनलंडच्या दक्षिण भागात, पुढे स्वीडन ओलांडून नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळ समुद्रावर, आणि समुद्र ओलांडून आइसलंडवर जाते. आइसलंडच्या पूर्वेस, सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशावर, तिचा सर्वोच्च बिंदू येतो. उत्तर ध्रुववृत्त तेथून जेमतेम दोन अंश उरते. यानंतर ती दक्षिणेकडे कलू लागते, ग्रीनलंडच्या शेवटच्या टोकाला जवळजवळ स्पर्श करून लॅब्राडोरच्या किनाऱ्याला लागते आणि कॅनडा व मेन राज्य ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचते ती नैर्ऋत्येकडे तोंड करून. पश्चिमेच्या गावाला जायचे म्हणून निघालेला प्रवासी आधी उत्तरेकडे आणि शेवटी दक्षिणेकडे जातो, आणि तरीही तीच सर्वांत सरळ वाट असते. तिच्यामुळे १,७०० किलोमीटर वाचतात. विमानाच्या गतीने मोजले तर जवळजवळ दोन तास. सपाट नकाशावर विश्वासून वाढलेल्या बुद्धीला हे पटवून घेण्यास थोडा वेळ लागतो, हे मी विद्यार्थ्यांच्या मुद्रांवरून अनेकदा पाहिले आहे.

आणि येथे आपल्याच भूमीतील एका पुरुषाचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाने ज्यांच्या कुळाची स्मृती राखली आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला आहे, आणि एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन नगरांच्या अक्षांशांतले अंतर व त्या नगरांमधली योजने ठाऊक असल्यास त्रैराशिकाने तो कसा काढावा हेही सांगितले आहे. वाटोळी पृथ्वी माणसाला सपाट का दिसते याचे त्यांनी दिलेले कारणही तितकेच सुबोध आहे : परिघाचा लहानसा अंश सपाटच भासतो, आणि माणूस पृथ्वीच्या मानाने इतका लहान की त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात तेवढाच अंश येतो. साडेआठशे वर्षांपूर्वी खानदेशाच्या परिसराशी संबंधित असलेल्या विद्वानाला ज्याची इतकी स्पष्ट जाणीव होती ते आजच्या पदवीधराला विमानाच्या खिडकीतून बर्फ दिसेपर्यंत ठाऊक नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे अंतर माणसाने पूर्वी कसे तोडले याचा एकच दाखला देतो. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, १४ मे १९६० रोजी, एअर इंडियाने बोइंग ७०७ या जेट विमानांनी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तेव्हा दोन महिन्यांचा हा अवधी एका अहोरात्रीच्या आसपास आला. मध्ये कोठेही न उतरता मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठणे याच्याही पुष्कळ नंतरचे.

आता वाऱ्याकडे वळू. १२,५०० किलोमीटरांना ताशी ९०० किलोमीटर या गतीने भागले तर चौदा तासांना किंचित कमी असा भागाकार येतो. मग वेळापत्रकात न्यूयॉर्कला जाताना साडेपंधरा-सोळा तास आणि मुंबईस परतताना त्याहून तासदीड तास कमी, अशी तफावत का? विमानतळाच्या फाटकापासून हलून धावपट्टीपर्यंत रखडण्याचा आणि उतरल्यावर पुन्हा फाटकाशी येण्याचा वेळ यात धरलेला असतो हे खरे; पण जाण्या-येण्यातला हा भेद घडवतो तो वारा. मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह आहेत. त्यांचा वेग हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरांच्या वर सहज जातो. विषुववृत्ताजवळची उष्ण हवा ध्रुवांकडे जाऊ लागली की पृथ्वीच्या स्वभ्रमणामुळे ती पूर्वेकडे ढळते, आणि जेथे उष्ण व शीत हवेचा संगम अधिक तीव्र तेथे हा प्रवाह अधिक जोमदार होतो. जपानातील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञाने हवेत फुगे सोडून या प्रवाहाची मोजणी केली, आणि आपले निष्कर्ष जगाला कळावेत म्हणून १९२६ साली ते एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केले. दुर्दैव असे की ती भाषा वाचणारे थोडे असल्यामुळे त्या निष्कर्षांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांना समोरच्या प्रचंड वाऱ्याने अडवले तेव्हा त्या प्रवाहाचा बोलबाला झाला. सर्व जगाने वाचावे या उदार हेतूने निवडलेल्या भाषेमुळेच एक उत्कृष्ट शोध वीस वर्षे अंधारात राहावा, ही ज्ञानाच्या इतिहासातील मोठी हळहळ लावणारी गोष्ट आहे.

वाऱ्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो दूर करणे अवश्य आहे. जाताना वाऱ्याने जेवढा वेळ घेतला तेवढा येताना तो परत करतो, म्हणजे अखेर हिशेब बरोबरीत सुटतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. आपल्याच वाटेवर वारा सर्वत्र ताशी १०० किलोमीटरांचा धरला तर जाताना गती ८०० आणि येताना १,००० होईल. जाण्यास पंधरा तास सदतीस मिनिटे आणि येण्यास साडेबारा तास लागतील. दोन्हींची बेरीज वारा नसलेल्या आकाशात लागणाऱ्या एकूण वेळेपेक्षा सुमारे वीस मिनिटांनी अधिकच येते, कारण विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडते. म्हणून वैमानिक जाण्याची आणि येण्याची वाट वेगवेगळी धरतात : जाताना प्रवाहाला टाळून अधिक उत्तरेकडून, येताना प्रवाहाच्या धारेतून. अटलांटिकवरचे मार्ग कॅनडातील गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडमधील शॅनविक ही दोन केंद्रे दिवसातून दोन वेळा वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी दिवसाचे, पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी रात्रीचे. सबब मुंबई–न्यूयॉर्क ही वाट आज जेथून गेली तेथूनच उद्या जाईल असे कोणीही सांगू शकत नाही.

घड्याळाविषयी थोडेच बोलतो. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडणारा प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी न्यूयॉर्कला उतरतो, कारण तेथील घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. जानेवारी महिन्यात हा प्रवास केला तर उत्तरेकडची दीर्घ रात्र आणि विमानाची पश्चिमाभिमुख गती या दोहोंमुळे जवळजवळ सगळी वाट अंधारातच सरते. जूनमध्ये उलट, रशियाच्या वरती उजाडू लागलेला दिवस न्यूयॉर्कपर्यंत संपत नाही. देशकालाची ही सांगड आपल्या शहराला नवी नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाल्यानंतरही मुंबई शहराने ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सांभाळली, आणि एवढ्या काळात या शहरातल्या माणसाला एकोणचाळीस मिनिटांच्या फरकाने दोन घड्याळे मनात वागवावी लागली.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जमलेल्या राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा जो तहनामा केला त्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राज्याला आपल्या मुलखावरच्या आकाशावर पूर्ण आणि अनन्य सत्ता आहे अशी कबुली दिली आहे. समुद्र किनाऱ्यापासून काही अंतरावर सर्वांचा होतो. जमिनीवरचे आकाश मात्र त्या-त्या राज्याच्या अंमलाखालीच राहते. त्याच परिषदेत पारगमनाचा एक वेगळा करारही झाला, ज्यान्वये सह्या करणाऱ्या राज्यांनी परस्परांच्या प्रवासी विमानांना आपल्या हद्दीवरून न उतरता जाण्याची मुभा दिली. भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश त्या कराराला बांधलेले आहेत. रशियाने तो करार कधीच पत्करला नाही, आणि आपल्या विस्तीर्ण मुलखावरून जाण्याचा परवाना तो देश प्रत्येकाशी स्वतंत्र वाटाघाट करून व त्याबद्दल द्रव्य घेऊन देतो. जुन्या काळी वाटेवरच्या प्रत्येक संस्थानाच्या नाक्यावर व्यापाऱ्याला दस्तक दाखवून जकात भरावी लागे, तद्वतच हे आहे. नाके तेवढे अदृश्य झाले आहेत.

या सत्तेचा वापर राज्ये कशी करतात हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ नावाचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि पुढे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून जाण्यास मनाई केली. कराची ते ढाका ही वाट भारतावरून सरळ गेल्यास २,३५० किलोमीटरांच्या आसपास आहे. मनाईनंतर ती विमाने भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून कोलंबोमार्गे जाऊ लागली आणि अंतर दुपटीहून अधिक झाले. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या कौन्सिलपुढे फिर्याद नेली. कौन्सिलला ती ऐकण्याचा अधिकारच नाही ही भारताची हरकत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी फेटाळली. तोपर्यंत ढाका ही एका स्वतंत्र राष्ट्राची राजधानी झालेली होती. मी हा प्रसंग आपल्या देशाच्या निंदेसाठी सांगत नाही. त्या वेळची परिस्थिती किती स्फोटक होती याची मला पूर्ण जाणीव आहे. आकाश बंद करण्याचे हत्यार दोन्ही बाजूंनी उचललेले आहे, एवढे सत्य बोलणे मात्र भाग आहे.

पाकिस्तानने २०१९ च्या फेब्रुवारी महिन्यात आपले आकाश बंद केले ते जुलैत उघडले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोप व अमेरिका यांनी रशियन विमानांना आणि रशियाने त्यांच्या विमानांना परस्परांचे आकाश निषिद्ध केले. परिणामी मॉस्कोवरून जाणारी आपली ती सुंदर कमान अमेरिकन कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपनीला मात्र खुली राहिली. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली, भारताने त्याच महिन्याच्या अखेरीस तशीच मनाई पाकिस्तानी विमानांना केली, आणि दोन्हींची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. आता कमानीचा आरंभच भारतीय विमानाला बंद झाला. दिल्लीहून उत्तर अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरण्याची वेळ आली. म्हणजे एकाच विमानतळावरून एकाच गावी जाणाऱ्या दोन विमानांपैकी एकाला कराचीचे आकाश बंद, दुसऱ्याला मॉस्कोचे. आणि त्यांच्या प्रवासाचे अंतर त्यांच्या शेपटीवर रंगवलेल्या निशाणाप्रमाणे भिन्न. अंतर ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे असे यानंतर कोणी म्हणू शकेल काय?

या वळशाची किंमत केवळ कंपनीच्या दप्तरात नोंदली जात नाही. विमान जितके अधिक लांब जायचे तितके अधिक इंधन त्यात भरावे लागते, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठीच पुन्हा इंधन जळते. मुंबईच्या उष्ण हवेत तर उड्डाणाच्या क्षणी विमानाने किती भार घ्यावा यालाच मर्यादा पडते. इंधन वाढले की माल आणि प्रवासी कमी घ्यावे लागतात, आणि राहिलेल्यांच्या तिकिटावर तो बोजा चढतो. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार असलेल्या आजीला सोळा तासांच्या जागी वाटेत उतरून वीसबावीस तास खुर्चीत बसावे लागते तेव्हा तिच्या पायाला येणारी सूज कोणत्याही परराष्ट्र खात्याच्या टिपणात येत नाही. दोन राज्यांच्या तकरारीत तिचा काडीइतकाही वाटा नसतो.

शिकागो तहनाम्याच्या मसुद्यात याचा विचार मुळीच झालेला नाही असे नाही. त्याचे नववे कलम आणीबाणीच्या प्रसंगी आपले आकाश तात्पुरते बंद करण्याचा हक्क राज्याला देते, परंतु ती बंदी सर्व परराष्ट्रांच्या विमानांना सारखी लागू असावी, राष्ट्र पाहून भेद करू नये, अशी अटही घालते. मात्र एकोणनव्वदावे कलम युद्ध किंवा जाहीर केलेली राष्ट्रीय आणीबाणी असेल तर राज्याला या बंधनांतून मोकळे करते, आणि त्या फटीतून सगळे निसटतात. माझे मत स्पष्ट आहे : सैनिकी विमानांना कोणी वाट देऊ नये, पण नागरी प्रवाशांची वाट रोखणे हे दबावाचे साधन म्हणून निरुपयोगी ठरलेले आहे, त्याने कोणत्याही पक्षाचे धोरण बदलल्याचे दिसत नाही, आणि शिक्षा मात्र निरपराधांना होते. महावृत्त आपल्या हाती नाही, पश्चिमेचा वारा आपल्या हाती नाही. या वाटेवर माणसाच्या हाती असलेले जे काही आहे ते सर्व या दोन कलमांत साठलेले आहे.

म्हणून या व्यासपीठावरून माझी भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या सरकारांना विनंती आहे की, मूळ तंटा सुटेल तेव्हा सुटो, त्याची वाट न पाहता प्रवासी विमानांपुरता हा प्रश्न वेगळा काढावा आणि दोघांनीही मान्य केलेल्या पारगमन कराराचा अंमल पुन्हा सुरू करावा. १९७१ ची मनाई पाच वर्षे टिकली होती. १९७६ साली दोन्ही देशांनी बोलणी करून ती उठवली.